सर्क्युलर काढा, सर्क्युलर व्हा

कोल्हापूरजवळ शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात तुमचा कारखाना असेल, तर एव्हाना वरून फर्मान आलंच असेल, की यंदा आपल्याला ‘सर्क्युलर इकॉनॉमी’ करायची आहे, म्हणजे काही वाया न घालवता माल पुन्हा पुन्हा वापरात आणायचा आहे. घाबरू नका. आधी शब्द नीट समजून घ्या. सर्क्युलर म्हणजे परिपत्रक. ते काढलं की निम्मी इकॉनॉमी झालीच म्हणून समजा.

उरलेल्या निम्मीसाठी फ्लेक्स करून घ्या. नवा कोरा, १० बाय ८ चा. मधोमध ‘टाकाऊतून टिकाऊ’, खाली हिरवं पान, वर साहेबांचा फोटो. गेल्या वर्षीचाच फ्लेक्स उलटा करून रंगवला असता तर चाललं नसतं का, असं एखादा हेल्पर विचारेल. त्याला समितीत घेऊ नका.

समितीत घ्यायचं ते स्टोअरच्या मागची खोली कधीच न उघडलेल्यांना. त्या खोलीत खोकं न फोडलेली बेअरिंगं असतात, अर्धे भरलेले रंगाचे डबे असतात, बंद पडलेल्या मॉडेलची ओतकामाची सागवानी पॅटर्न असतात, एक पाय गेलेल्या खुर्च्या असतात. शेजारच्या शेडमधला लेथवाला अशाच बेअरिंगसाठी उद्यमनगर पालथं घालत असेल. घालू दे. चांगल्या वस्तूला भंगार व्हायला पुरेसा वेळ द्यावा लागतो. आज बेअरिंग दिलं तर ते नगावर जाणार. मग कुणी दिलं, कुणाला दिलं, का दिलं, आणि तुमचा त्याच्याशी काय संबंध? दोन पावसाळे गंजू दिलं की तेच किलोवर जातं. किलोला कुणी काही विचारत नाही.

एका कारखान्याच्या मागं मशिनरीच्या पेट्यांच्या फळ्यांचा ढीग होता, चांगल्या पाइनच्या. गावातल्या वाचनालयाला मांडण्या करायला द्या म्हणून मी मागायला गेलो. ‘कशाला, न्या की,’ म्हणाला वॉचमन. स्टोअर म्हणालं, अर्ज करा. अकाउंट्सनं तर कायदाच काढला. फुकट दिलेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, परत करावं लागतं, २०१७ च्या जीएसटी कायद्यात कलम १७(५)(एच) मध्ये तसं आहे. आहे, खरंच आहे. फळ्यांवर मुळात कुणी क्रेडिट घेतलं होतं का, हे मात्र कुणी बघितलं नाही. अर्ज फिरत राहिला, जूनमध्ये आपला नेहमीचा पाऊस लागला, आणि ऑगस्टात त्या फळ्यांवर छत्र्या उगवल्या. मला वाटतं, ते ‘जैवविविधता’ या रकान्यात दाखवलं असणार.

फौंड्रीवाल्यांनी, म्हणजे ओतकामवाल्यांनी, मात्र जपून. तुमची पंचाईत ही, की तुम्ही हे आधीपासूनच करताय. गेट, रनर, रायझर, म्हणजे ओतलेल्या कास्टिंगला चिकटून राहिलेला जादा धातू, तोडून पुन्हा भट्टीत, बीडाची बोरिंग, म्हणजे कातकामाचा चुरा, भट्टीत, लोकांनी टाकलेलं भंगारही भट्टीत. याला अहवालात भाव नाही, कारण याचं कधी उद्घाटन झालेलं नाही. नाव बदला, मग दाखवा.

राहिली साच्यांची काळी वाळू. ती पुन्हा वापरता येते. कोअरच्या, म्हणजे कास्टिंगमधली पोकळी राखणाऱ्या गाभ्याच्या, वाळूतलं रेझिन थर्मल प्लँटमध्ये जाळून काढता येतं, उरलेल्या वाळूचे पेव्हर ब्लॉक होतात. तुम्ही एकच ब्लॉक करा. तो केबिनमध्ये काचेच्या पेटीत ठेवा, पाहुण्यांच्या हातात द्या. बाकीचा डंपर रात्री कुठल्यातरी ओढ्याकाठी रिकामा होऊ दे. पुढचं काम पाऊस करतो. ओढ्यातून पंचगंगेत, पंचगंगेतून खालच्या गावांना. वर्तुळ होत नाही, पण वाळू कुठंतरी पोहोचली एवढं खरं.

अभ्यासदौरा हवाच. फक्त तो कोल्हापुरात काढू नका. पाहुणे चुकून सराफांच्या गुजरीत गेले, तर दुकानापुढची माती झाडून आणि गटारातला गाळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी दिसतील. गुऱ्हाळावर गेले, तर आणखी घोटाळा. घाण्यातून निघालेली चिपाडं उन्हात वाळतात, चुलवाणात जातात, त्याच जाळावर काहिलीतला रस आटतो आणि राख रानात पडते. पाहुणा विचारणार, तुमचं सर्क्युलॅरिटीचं धोरण काय? गुळव्या त्याच्याकडं बघणार आणि हातावर गरम गूळ ठेवणार. एक स्लाइड नाही, काही नाही. परदेशीच जा.

५ जूनला, पर्यावरणदिनी, कार्यक्रम करा. प्लॅस्टिकच्या बाटलीतून पाणी द्या, प्रत्येकाला एक रोप आणि एक नवी कापडी पिशवी. संध्याकाळी तो मघाचा हेल्पर येईल. म्हणेल, ‘साहेब, फ्लेक्स काढलाच हाय तर मला द्या की. पाऊस तोंडावर आलाय, गोठ्यावर घालतो.’

देऊ नका. नॉन-रिटर्नेबल गेटपासवर ३ सह्या लागतात, आणि त्यातले एक साहेब अभ्यासदौऱ्यावर आहेत.