‘या ताई, बघा तरी’ हे आधी बंद करा

पुण्यातली भीमथडी जत्रा असो, वांद्र्याचं महालक्ष्मी सरस असो की तालुक्याच्या गावचं बचत गटांचं प्रदर्शन, चित्र ठरलेलं. गल्लीतून चालणाऱ्या बाईला दोन्ही बाजूंनी हाका. “या ताई, बघायचे पैसे नाहीत!” ती बाई पर्स सावरून, सरळ समोर बघत निघून जाते. माल चांगला, भाव वाजवी, तरी स्टॉल ओस. आणि विक्री शिकवणारे अजून सांगतायत, हसतमुखाने हाक मारा. माझं स्पष्ट मत आहे: हाक मारूच नका.

हाक ऐकली की माणसाला वाटतं, थांबलो तर घ्यावं लागेल, म्हणून तो थांबतच नाही. नजरानजर झाली तर मान हलवून “नमस्कार” म्हणा आणि हातातलं काम चालू ठेवा. हातात काम हवंच. चपलेवाल्याने चामड्याची वेणी गुंफावी, वारलीवाल्याने कागदावर बारीक रेघा ओढाव्यात. काम बघायला लोक आपोआप रेंगाळतात. मोबाइल हे काम नव्हे. मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या माणसाला कोणी भाव विचारत नाही.

टेबल पूर्ण आडवं लावू नका. एका कडेला सरकवा, म्हणजे गिऱ्हाईक दोन पावलं आत येईल. बुटक्या खुर्चीत बसलात तर टेबलामागून तुमचं फक्त कपाळ दिसतं. उंच स्टूल घ्या नाहीतर उभे राहा. “हात लावू नये” ही पाटी तर कचऱ्यात टाका. नाजूक माल मागे ठेवा आणि हाताळायला म्हणून एक नग पुढे काढून ठेवा. तो मळणार, मळू दे.

मग बोलायचं कधी? गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघा. वस्तू उचलून उलटी केली, म्हणजे किमतीची चिठ्ठी शोधतंय. खाली ठेवून परत तीच उचलली, किंवा सोबतच्याला “इकडे ये गं” म्हटलं, की तुमची वेळ आली. पण तेव्हाही “काय हवंय?” नको. त्याचं उत्तर एकच असतं, “काही नाही, बघतेय,” आणि तिथे बोलणं संपतं. हातातल्या वस्तूबद्दल एक छोटं वाक्य बोला. समजा कोल्हापुरी चपलेचा कापशी हा प्रकार हातात आहे: “ही कापशी आहे. तळ चामड्याच्या वादीने शिवलाय, खिळा एकही नाही.” एवढं बोलून गप्प बसा. हे गप्प बसणंच बहुतेकांना जमत नाही.

आता प्रश्न येईल, “चावते का?” इथे “अजिबात नाही” म्हणालात तर खोटं बोललात, आणि ते दोन दिवसांत उघडं पडणार. “पहिले काही दिवस चावते. अंगठ्याला आणि पट्ट्याला आतून तेलाचं बोट फिरवा, आधी घरात घालून फिरा, पावसात नेऊ नका.” असं सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात. मापाचंही तसंच. गिऱ्हाईक आरामशीर वाटते म्हणून सैल जोड उचलतं. चामडं वापराने सैलावतं, मग महिन्याभरात टाच बाहेर. म्हणून किंचित घट्ट जोड द्या, दोन्ही पायांत घालायला लावा आणि चालायला सांगा. बसून माप कळत नाही. त्यासाठी एक स्टूल आणि चालायला स्वच्छ सतरंजी एवढी सोय हवी.

घोंगडीवर तळहात फिरवून “टोचतं हो” म्हणणारेही भेटतील. वाद घालू नका. मेंढीची लोकर आहे, सुताला चिंचोक्याची खळ आहे, वापरून मऊ होते, खाली चादर घालून झोपा. बस्स.

“ओरिजिनल कशावरून?” असं कोणी विचारलं तरच मानांकनाची गोष्ट काढा. कोल्हापुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरलेल्या भागात बनलेल्या मालालाच ते नाव लावता येतं. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्यापासून “ती प्राडावाली हीच का?” हा प्रश्न हमखास येतो. “हो, त्याच घाटाची,” म्हणा आणि जोड हातात द्या. व्याख्यान नको, मागे रांग असते.

बोलताना गिऱ्हाइकाला काय म्हणावं याचाही घोळ आहेच. चाळिशीतल्या बाईला “काकू” म्हणालात की विक्री गेली, हे पुण्यात तरी लिहून घ्या. “ताई”, “दादा” चालतं. शंका असेल तर नुसतं “नमस्कार”. मुंबईत समोरच्याचं तोंड उघडायच्या आत हिंदी सुरू करायची सवयही सोडा. मराठीत सुरुवात करा, समोरून हिंदी आली तर हिंदीत बोला. आणि जोडपं आलं तर वस्तू ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोला. साडी बायकोच्या हातात असताना भाव नवऱ्याला सांगणं हा उद्धटपणाच.

किंमत प्रत्येक वस्तूवर ठळक आकड्यात हवी. विचारायला लाज वाटणारे पुष्कळ असतात. ते न विचारताच जातात. “शेवटचं किती द्यायचं?” याला चिडून उत्तर नको. “भाव हाच आहे, दोन जोड घेतले तर शंभर कमी करते,” असा आकडा सकाळीच ठरवून ठेवा आणि रात्रीपर्यंत सगळ्यांना तोच सांगा. शेजारच्या गिऱ्हाइकाला तुम्ही वेगळा भाव दिलात तर ते लगेच कानावर जातं.

“फिरून येते” म्हणणारीला “आत्ताच घ्या, संपेल” असं घाबरवू नका. कार्डाच्या मागे वस्तूचं नाव, माप, किंमत आणि स्टॉल नंबर लिहून हातात द्या. प्रदर्शनात सगळ्या गल्ल्या सारख्या दिसतात. परत यायची इच्छा असूनही स्टॉल सापडत नाही, म्हणून बरीच विक्री बुडते.