कोपऱ्यात फोम चिकटवून बेस जात नाही

‘दोन हजारांत होम स्टुडिओ’ हा मेसेज सध्या संगीत शिकणाऱ्या मुलांमध्ये जोरात फिरतोय. भिंतींवर अंड्यांचे ट्रे लावा, चारही कोपऱ्यांत फोमचे त्रिकोणी तुकडे चिकटवा म्हणजे बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, शोषला जाईल, जाड पडदे सोडा, उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये इक्यूने, म्हणजे हवे ते सूर कमी-जास्त करून, दुरुस्त करा. माझ्या भाच्याने यातलं निम्मं करूनही टाकलं. तो दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये तबला रेकॉर्ड करतो. साठवलेले पैसे गेले, आणि डग्गा आता पूर्वीपेक्षा जास्त घुमल्यासारखा वाटतोय.

आधी त्या फोमचं बघू. कोपरा ही जागा बरोबर आहे, एवढं मान्य करावंच लागेल. खोलीच्या लांबी-रुंदी-उंचीत जे तरंग उभे राहतात, त्या सगळ्यांचा दाब कोपऱ्यांत सर्वाधिक असतो. म्हणून बेस ट्रॅप, म्हणजे बेस शोषणारे जाड तुकडे, तिथे ठेवतात. पण नुसती जागा बरोबर असून भागत नाही, जाडी लागते. फोम काय, रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) काय, हलणाऱ्या हवेला आतल्या आत अडवूनच आवाज खातात. भिंतीला लागून हवा जवळजवळ हलतच नाही. ती सर्वाधिक हलते भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. १०० हर्ट्झचा तरंग साधारण ३.४ मीटरचा, म्हणजे हे अंतर ८६ सेंटिमीटर. ६० हर्ट्झला ते १.४ मीटरच्या पुढे जातं. तिथे दोन इंची फोम काय करणार?

माझं ऐकू नका, फोम विकणाऱ्यांचाच तक्ता बघा. ऑरालेक्स ही या धंद्यातली नावाजलेली अमेरिकन कंपनी. तिच्या दोन इंची वेज फोमचे तिनेच छापलेले आकडे असे: १००० हर्ट्झला जवळजवळ सगळा आवाज शोषला जातो, २५० ला ०.३० (१ म्हणजे सगळा शोषला, ० म्हणजे काहीच नाही), आणि १२५ ला फक्त ०.११. त्याखाली तक्ताच संपतो. आणि भाच्याच्या खोलीची खरी अडचण त्याखालीच सुरू होते. प्रत्येक बाजूत उभा राहणारा सर्वात खालचा तरंग बघा: १२ फूट लांबीत ४७ हर्ट्झ, १० फूट रुंदीत ५६, छतही १० फुटांवर असेल तर पुन्हा ५६, म्हणजे एकाच सुरावर दुहेरी जोर. त्यात आपल्या भिंती विटांच्या, स्लॅब काँक्रीटचा. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समच्या भिंती थरथरून थोडा बेस खातात तरी, आपल्या भिंती तो जसाच्या तसा परत पाठवतात. अशा खोलीत पातळ फोम जितका जास्त लावाल तितका वरचा आवाज मरतो आणि खालचा तसाच राहतो. डग्गा जास्त घुमल्यासारखा वाटतो तो यामुळे.

अंड्यांच्या ट्रेबद्दल तर चीड येते. कागदाच्या लगद्याचा पातळ पापुद्रा बेस शोषत नाही आणि शेजाऱ्यांकडे जाणारा आवाजही अडवत नाही, कारण आवाज अडवायला वजन लागतं. पेटतो मात्र चटकन. स्वस्त पॉलियुरेथेन फोमचंही तेच. २० फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ‘द स्टेशन’ या नाइट क्लबमध्ये आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या फोमला लागली आणि १०० माणसं गेली. तिथे स्टेजवर फटाके होते, बेडरूममध्ये एक्स्टेंशन बोर्ड आणि अॅडॅप्टर असतात. हे सल्ले शाळकरी मुलांपर्यंत पोचतात, याचं भान मेसेज लिहिणाऱ्याने ठेवायला हवं होतं.

पडदे वरच्या सुरांपुरते ठीक.

इक्यूने फुगलेला सूर एका ठरावीक जागी ऐकताना कमी करता येतो, हे खरं. पण जिथे दोन तरंग एकमेकांना खोडतात तिथला खड्डा भरत नाही. आवाज वाढवला की खोडणारा तरंगही तेवढाच वाढतो.

मग करायचं काय? ४८ किलो प्रति घनमीटर घनतेच्या रॉकवूलच्या दोन-दोन इंची दोन पाट्या एकावर एक, दोन बाय चार फुटांची लाकडी चौकट, वरून हवा आरपार जाईल असं कापड, तंतू बाहेर पडणार नाहीत असं घट्ट. पाट्या कापताना मास्क आणि हातमोजे हवेतच. ही चौकट कोपऱ्यात तिरकी उभी करायची, मागे पोकळी ठेवून. पोकळीमुळे तीच जाडी आणखी खालपर्यंत काम करते. ४७ हर्ट्झ यानेही पूर्ण जाणार नाही, पण फरक कानाला कळेल. पैसे कमी असतील तर आधी स्पीकरमागचे दोन कोपरे, मग मागचे. भिंत आणि छत जिथे मिळतात तो कोनही कोपराच आहे, आणि तिथे जमिनीवरची जागा अडत नाही.

आणि तबला घेऊन कोपऱ्यात बसू नये. तिथून खोलीतले सगळे तरंग एकदम जागे होतात. पलंग सरकवायला लागला तरी चालेल.