क्लायंटसाठी मध, घरच्यांसाठी ‘हं’

क्लायंटचा कॉल आला की आमच्या नवरोबांच्या अंगात कुणी दुसराच माणूस शिरतो. ‘शुअर शुअर, नो इश्यूज ॲट ऑल!’ पलीकडच्याने तीच चूक पुन्हा पुन्हा करू दे, आवाज मधाळच. म्यूट दाबलं की लगेच माझ्यावर खेकसणं, “अगं त्या कुकरचं काहीतरी कर ना!” कुकर काय माझ्या हुकमाने शिट्ट्या देतो?

त्यात कानाला ते नॉइज कॅन्सलिंग हेडफोन. स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून पट्टी आणखी वर. न्यू जर्सीला फोनशिवायही पोचेल. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागे गेली की साडेसातची मीटिंग साडेआठला, म्हणजे बरोब्बर पानं वाढल्यावर! मग वरण गार होईपर्यंत ‘ॲब्सोल्यूटली, ग्रेट पॉइंट’ ऐकत बसा. मी काही विचारलं तर ‘हं’. परत विचारलं तर “काय आहे गं?”

सासूबाईंना मात्र कौतुक, पोरगा ऑफिसात किती गोड बोलतो! (त्यांनी गोळ्या कुठे आहेत विचारलं तेव्हा त्यांनाही ‘हं’च मिळाला होता, ते सोयीस्कर विसरल्या.)

काल वैतागून मी सरळ कॅलेंडर इन्व्हाइट पाठवलं. विषय: गिरणीतून दळण आणणे. लगेच स्वीकारलं. दळण अजून गिरणीतच आहे.