उताराची खालची बाजू भरू नका, वरची कापा

‘फार्महाऊसवर फ्रेमचा स्विमिंग पूल (जमिनीवर पायांच्या सांगाड्यात उभा राहणारा) बसवायचाय आणि जागा उताराची आहे? खालच्या बाजूला माती टाका, वर जाड वाळू पसरा. पाणी भरलं की वजनाने सगळं आपोआप लेव्हल होतं.’ हा सल्ला सध्या रील आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतोय. तो पाळू नका.

‘पाण्याच्या वजनाने माती बसते.’ बसते, पण फक्त भर घातलेली. १ मीटर पाण्याचा भार दर चौरस मीटरला १ टन असतो. वरच्या बाजूची घट्ट जमीन तो पेलते, खालची भुसभुशीत भर दबते. म्हणजे झाकलेला उतार पुन्हा उघडा पडतो, आणि तोही पूल भरल्यावर. १५ फुटी गोल पुलात साडेतीन फूट पाणी म्हणजे साधारण साडेसतरा हजार लिटर. ते आत असताना दुरुस्ती होत नाही.

‘थोडा उतार चालतो.’ भिंतीवरचा जोर पाण्याच्या खोलीच्या वर्गाने वाढतो. एका काठाला पाणी १ मीटर आणि समोरच्या काठाला १ मीटर १५ सेंमी असेल, तर दर मीटर लांबीला इकडे ५०० किलो आणि तिकडे ६६० किलो जोर पडतो. त्यात खालचे पाय कलू लागले की फ्रेम वाकते, भिंत सुटते, आणि पाणी एकदम बाहेर येतं. तेव्हा आत मुलं असू शकतात. काठाकाठातला फरक फार तर २.५ सेंमी ठेवा.

‘जाड वाळूने काम भागतं.’ वाळू फक्त गादीपुरती, ३ सेंमी. १५ फुटांच्या वर्तुळाला अर्धा घनमीटर पुरते. जाड थर पायाखाली सरकतो आणि पहिल्याच जोरदार पावसात कडेने वाहून जातो. लव्हाळा या तणालाही वाळू अडवत नाही. त्याचे टोकदार कोंब लाइनर, म्हणजे पुलाचं प्लास्टिकचं अस्तर, भेदून वर येतात, म्हणून त्याच्या जमिनीतल्या गाठी खणूनच काढाव्या लागतात.

मग करायचं काय? १५ फुटी पुलासाठी मध्ये खुंटी ठोकून २.९ मीटर दोरीने वर्तुळ आखा. पुलाभोवतीची साधारण ६० सेंमी मोकळी जागा त्यात धरली आहे, ती हवीच. सगळ्यात खालचा बिंदू ही पातळी धरून बाकीचं कापत या. पातळी नजरेने नाही, गवंडी वापरतात त्या लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने बघा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं. या वर्तुळात १९ सेंमी उतार असेल तर अडीच घनमीटर माती निघते, मोकळी झाल्यावर ब्रासभराहून (१०० घनफुटांहून) जास्त. ती कुठे टाकायची ते आधी ठरवा, खालच्या काठावर मात्र नको.

काळ्या मातीत कापूनही भागत नाही, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. आणखी १५ ते २० सेंमी काढून मुरूम भरा: १० सेंमीचा थर, थोडं पाणी, मग धुम्मसाने ठोकणं, असं थरावर थर. टाचेचा ठसा उमटता कामा नये. प्रत्येक पायाखाली ३० सेंमीची शहाबादी फरशी, जमिनीच्या पातळीत गाडलेली.

कापलेल्या बाजूला वरून येणारं पाणी वळवायला चर काढा, नाहीतर पावसाळ्यात ते थेट पुलाखाली शिरेल.

पूल उभा झाल्यावर आधी ४ सेंमी पाणी सोडा आणि कडेने पट्टी लावून मोजत फिरा. फरक २.५ सेंमीहून जास्त निघाला किंवा एका बाजूला तळ कोरडा दिसला तर तेव्हाच पाणी काढून टाका, ते साडेसहाशे लिटरच असतं.