‘मढ्याच्या टाळूवरचं लोणी’ म्हणालात, म्हणून हे लांबलचक उत्तर

नमस्कार. तुम्ही नावाच्या जागी ‘एक करदाता’ एवढंच लिहिलंय, त्यामुळे दादा म्हणू की ताई ते कळेना, म्हणून नुसतं तुम्ही म्हणते.

आमच्या नगरसेविका ताई रोज सकाळी ग्रुपवर आणि फेसबुकवर वाढदिवसाच्या, सणावाराच्या शुभेच्छा टाकतात, कुणी गेलं तर श्रद्धांजली लिहितात, यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं आणि हे मला मनापासून आवडतं असं लिहिलं होतं. त्यावर तुमची कमेंट आली. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते, तुमचं म्हणणं असं की नगरसेवकाचं काम बजेट, रस्ते, गटारं हे आहे, केक कापणं नाही, या शुभेच्छा म्हणजे फुकटातली जाहिरात, कुणाच्या मरणावर पोस्ट टाकणं म्हणजे तर मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं, आणि माझ्यासारखी माणसं याला भुलतात म्हणूनच मुंबईची ही अवस्था झालीय. शेवटी तुम्ही लिहिलंय की तुमच्या टॉवरच्या गेटसमोर गटाराचं झाकण दोन महिने तुटलेलं आहे, त्याला कोण शुभेच्छा देणार.

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण ते लोण्याचं वाक्य मला लागलं. आधी तेच सांगते.

माझे सासरे २०२३ च्या डिसेंबरात गेले, रात्री पावणेएकला, घरीच. माणूस घरी गेला की स्मशानात न्यायच्या आधी डॉक्टरचा दाखला लागतो, हे ज्याच्या घरात घडलंय त्यालाच माहीत असतं. आमचे नेहमीचे डॉक्टर गावी गेलेले, नाक्यावरचा दवाखाना बंद, आणि आमची वस्ती डोंगरावर, पायऱ्या चढून यायचं, रात्री एक वाजता अनोळखी डॉक्टर कशाला येतोय. माझ्या नवऱ्याने काहीच सुचेना म्हणून वस्तीच्या ग्रुपवर एक ओळ टाकली, बाबा गेले, कुणाच्या ओळखीत डॉक्टर आहे का. पाच-सात मिनिटांत ताईंचा फोन. लक्षात घ्या, तेव्हा त्या नगरसेविका नव्हत्या, मुदत संपून पावणेदोन वर्षं झाली होती, त्यांच्याकडे ना पद ना केबिन ना निधी. अडीचच्या सुमाराला एक डॉक्टर मोबाईलच्या उजेडात पायऱ्या चढून आले, दाखला दिला, पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी श्रद्धांजलीची पोस्ट टाकली. तुमच्या भाषेत ते लोणी. त्या पोस्टमध्ये सासऱ्यांचं पूर्ण नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं आणि एक ओळ होती की काकड आरतीला पहाटे पखवाजावर पहिली थाप यांचीच असायची. हे त्यांना माहीत होतं कारण आदल्या कार्तिकात त्या स्वतः पहाटे येऊन बसल्या होत्या आणि तेव्हाही त्याची पोस्ट टाकली होती. ती श्रद्धांजली वाचून सासऱ्यांचे गिरणीतले दोन सोबती, ज्यांचा नंबरसुद्धा आमच्याकडे नव्हता, ते दहाव्याला आले, एक तर पार बदलापूरहून. सासूबाईंनी ती पोस्ट मला तीनदा वाचून दाखवायला लावली. आता हे भुलणं असेल तर असू दे, पण त्या बाईने आमच्या घरातल्या मरणावर काही खाल्लं असं मला म्हणता येत नाही.

बरं, आता तुमच्या मुद्द्यावर येते, कारण तुमचा मुद्दा पोकळ नाहीये. नगरसेवकाचं काम बजेटवर बोलणं आहे हे शंभर टक्के मान्य. पण मग ७ मार्च २०२२ ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला, मधल्या जवळजवळ चार वर्षांत सगळा कारभार प्रशासकाकडे होता, ते आठवा. २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर गेलं आणि त्यावर सभागृहात उभं राहून आमच्या डोंगराला पाणी किती असं विचारायला २२७ पैकी एकही नगरसेवक नव्हता. त्या चार वर्षांत तुम्ही म्हणता तसं केक कापणारं कुणी पदावर नव्हतं, मग गटारं जास्त साफ झाली का हो? मी टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतेय, कारण मला तरी तो काळ असा आठवतो की राग यायचा आणि तो कुणावर काढायचा हेच कळायचं नाही.

ऑनलाइन तक्रार करता येते, १९१६ ला फोन करता येतो, मी दोन्ही करते आणि सगळ्यांनी करावं. पण आमच्या बाजूला काय होतं ते सांगते. तक्रारीच्या फॉर्ममध्ये रस्त्याचं नाव मागतात. आमच्या गल्लीला नाव नाही. आम्ही म्हणतो पिंपळाखालची टाकी, वरची पायरी, जुन्या बालवाडीमागे, हे पत्ते कुठल्या मॅपवर आहेत? एकदा पाण्याची लाइन फुटल्याची तक्रार मी केली, नंबर मिळाला, माणसं आलीसुद्धा, खाली रिक्षा स्टँडपर्यंत आली, गल्ली सापडली नाही आणि परत गेली, त्यांचीही काही चूक नाही. त्यानंतर ताईंना सांगितलं, त्यांनी चावीवाल्याला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पालिकेच्या माणसाला, फोन करून फक्त ‘पिंपळाखाली’ एवढंच सांगितलं आणि तो बरोबर आला. हे ‘पिंपळाखाली’ कळायला माणूस त्या पिंपळाखाली हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला, बारशाला बसलेला असावा लागतो. तुम्ही ज्याला केक कापणं म्हणता त्यातूनच हा पत्ता कळतो.

आणि एक गोष्ट टॉवरमध्ये राहणाऱ्यांना बऱ्याचदा माहीत नसते, राग मानू नका. १८८८ च्या महापालिका कायद्यात कारभार चालवायचे अधिकार आयुक्तांकडे आहेत. नगरसेवक ठराव करू शकतो, प्रश्न विचारू शकतो, बजेट मंजूर करताना भांडू शकतो, पण तो एका जेईला, म्हणजे ज्युनियर इंजिनियरला, सही करून ‘हे झाकण आज बसव’ असा हुकूम देऊ शकत नाही. त्याच्याकडे असते ती ओळख, पाठपुरावा आणि पाठीशी किती माणसं उभी आहेत हे. एखादा नगरसेवक रोज पन्नास लोकांशी बोलतो हे वॉर्ड ऑफिसातल्या साहेबाला माहीत असतं तेव्हा तो फोन उचलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माणसं किती ते पण बघा. २०११ च्या जनगणनेत मुंबई १ कोटी २४ लाखांची होती, २२७ ने भागलं तर एका नगरसेवकामागे साधारण ५५ हजार माणसं येतात, म्हणजे सरासरीने रोज दीडशे वाढदिवस. दीडशे शुभेच्छा कुणीच देऊ शकत नाही, ताईसुद्धा देत नाहीत, रोज सहा-सात असतात. मग ते सहा-सात कोण? तुम्हाला वाटतं कार्यकर्ते. मी हे लिहायच्या आधी फेब्रुवारीच्या सगळ्या पोस्ट बसून बघितल्या. कार्यकर्ते होतेच, खोटं कशाला बोलू, जवळजवळ निम्मे त्यांचेच. पण उरलेल्यांत आमच्या गल्लीत झाडू मारायला येणारे मामा होते, अंगणवाडीच्या बाई होत्या, भाजीवाल्या मावशी होत्या, त्यांचा वाढदिवस कुठला, त्यांना तारीखच माहीत नाही, आधार कार्डावर १ जून आहे, म्हणून ताईंनी त्यांच्या बचत गटाला पाच वर्षं झाली त्या दिवशी त्यांचा फोटो टाकला. मावशींनी तो फोटो गाड्यावर चिकटवलाय.

पूर्वी हे फळ्यावर व्हायचं. आमच्या लहानपणी परळला चाळीच्या तोंडाशी मंडळाचा फळा असायचा, दहावी पास झालेल्यांचं अभिनंदन, अमुक यांचे दुःखद निधन, उद्या पाणी उशिरा येईल, सगळं एकाच फळ्यावर खडूने. पक्षांच्या शाखांबाहेरही असायचा. त्या फळ्याला कुणी जाहिरात म्हणत नव्हतं. फरक एवढाच की फळ्याखाली आपल्याला काही लिहिता येत नव्हतं, आता पोस्टखाली लिहिता येतं, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

२०२४ च्या वटपौर्णिमेला ताईंनी सकाळी शुभेच्छा टाकल्या, वडाचं चित्र, दोन ओळी. त्याखाली नेहमीचे हात जोडलेले, फुलं, ‘ताई तुम्हालाही’. मध्येच दुपारी वरच्या पायरीवरच्या एका वहिनींनी लिहिलं, ताई बालवाडीमागच्या भिंतीतून पाणी येतंय कालपासून, माती पण येतेय. डोंगरावर राहणाऱ्याला पावसाळ्यात संरक्षक भिंतीतून माती येणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. त्या वहिनी कधी ऑफिसात गेल्या नसत्या, अर्ज तर लांबच, त्यांनी मला नंतर सांगितलं की शुभेच्छा द्यायच्याच होत्या म्हणून त्याच्या पाठोपाठ लिहून टाकलं. तासाभरात ताई वर आल्या, इंजिनियरला बोलावलं, संध्याकाळी भिंतीलगतच्या चार घरांतली माणसं समाजमंदिरात झोपायला नेली. भिंत त्या रात्री पडली नाही. काहीजण म्हणालेसुद्धा की उगाच त्रास दिला. पण मी त्या चार घरांतल्या पोरांना शांत झोपलेलं पाहिलंय, आणि मला ती वडाच्या चित्राची पोस्ट तेव्हापासून फालतू वाटत नाही. भिंतीची पक्की दुरुस्ती मात्र खूप रखडली, त्यासाठी ताईंच्या मागे मी स्वतः लागले होते, त्यांच्या संक्रांतीच्या तिळगूळ पोस्टखाली सुद्धा मी भिंतीचा फोटो टाकला होता, गोड बोलूनच.

पाण्यासाठी लढणाऱ्या मृणालताई गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून महापालिकेवर निवडून गेल्या, त्यांना लोकांनी पाणीवाली बाई हे नाव दिलं. ते नाव बायकांच्या तोंडी आलं ते नुसत्या सभागृहातल्या भाषणांनी नाही, त्या हंडेवाल्या बायकांमध्ये मृणालताई उभ्या राहायच्या म्हणून आलं. आमच्या ताई म्हणजे मृणालताई असं म्हणण्याचा वेडेपणा मी करत नाही. पण लोकांच्यात असणं आणि सभागृहात भांडणं ही दोन वेगळी कामं आहेत, एक खरं आणि एक खोटं, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही एवढंच.

बॅनरचं मात्र तुमचं सगळं बरोबर. त्यात मी एक अक्षर खोडणार नाही. परवानगीशिवाय बॅनर लावून शहर विद्रूप करण्याविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे, मुंबई हायकोर्टाने २०१७ च्या जानेवारीत बेकायदा बॅनरवर सविस्तर निकाल दिलाय, तरीही आमच्या नाक्यावर प्रत्येक पक्षाचे चेहरे लटकत असतात, ताईंच्या वाढदिवसालाही कार्यकर्त्यांनी सिग्नल झाकला जाईल असा बॅनर लावला होता. मी तेव्हा त्यांच्याच पोस्टखाली लिहिलं की ताई, शुभेच्छा आहेतच, पण रस्ता ओलांडताना म्हाताऱ्यांना सिग्नल दिसत नाहीये. दुपारी उतरवला. वह्यावाटपाचंही तसंच, पोरांना फोटोसाठी तासभर उन्हात उभं केलं होतं, ते मी लिहिलं, चार-पाच जणांनी मला शिव्या दिल्या, पण पुढच्या वर्षी वाटप हॉलमध्ये झालं आणि पोरांना बसवून झालं. मोबाईलवरच्या शुभेच्छेने कुणाचा फुटपाथ अडत नाही, खांबावरच्या शुभेच्छेने अडतो, हा फरक मी मूळ लेखात लिहायला हवा होता, तो राहिला, ही माझी चूक.

आणि माझं प्रेम आंधळं नाहीये. माझी एकच अट आहे, पोस्टखालच्या कमेंट उघड्या पाहिजेत. ज्या दिवशी ताई नुसत्या शुभेच्छा देतील आणि खाली आम्हाला बोलायला बंदी करतील, किंवा पाण्याबद्दलची कमेंट उडवतील, त्या दिवशी तुमचं लोण्याचं वाक्य मी स्वतः माझ्या नावाने लिहीन. आमच्या शेजारच्या भागात असे एक आहेत, रोज सुंदर सुंदर पोस्ट आणि कमेंट बंद. त्यांच्या शुभेच्छा मला भिंतीवरच्या कॅलेंडरसारख्या वाटतात. जो मला सकाळी ‘शुभ सकाळ’ म्हणतो त्याला दुपारी ‘पाणी का नाही’ विचारायचा हक्क मला आपोआप मिळतो, माझ्यासारख्या, कुणाची ओळख नसलेल्या बाईला हा हक्क दुसरीकडून मिळत नाही, म्हणून मी त्या शुभेच्छांना इतकी जपते.

तुम्ही मला विचारलंत की यासाठी पैसे मिळतात का. नाही. पक्षाचं कार्डही नाही. हे एवढं पुरे.

आता तुमचं झाकण. तुम्ही ते माझ्या लेखाखाली लिहिलंत, मला त्याचं काय करता येणार? म्हणून काल ताईंच्या पाडव्याच्या शुभेच्छांखाली मी तुमच्या कमेंटमधला तेवढाच भाग टाकला, टॉवरचं नाव आणि गेटचा नंबर तुम्ही दिलाच होता, लोण्याचं वाक्य टाकलं नाही. रात्री पावणेअकराला त्यांचं उत्तर आलं, मंगळवारी सकाळी अकराला जेई आणि मुकादम येतील, पण त्या रांगेत तीन झाकणं आहेत, नेमकं कुठलं ते दाखवायला तिथलं कुणीतरी हजर पाहिजे. मी मंगळवारी कामावर असते, तुम्ही थांबाल का गेटवर? थांबणार असाल तर इथेच लिहा, मी त्यांना कळवते.