मानेवरचा मळ

माझी मान काळी पडली आहे, हा शोध आमच्या न्हाव्याने लावला. मशीन फिरवता फिरवता तो थांबला, ओल्या टॉवेलने दोनदा खसाखसा पुसलं आणि आरशातून माझ्याकडे असं बघितलं, की मी चार दिवस पारोसा आहे हे दुकानभर जाहीर झालं.

घरी बायकोने प्रकरण हाती घेतलं. आधी बेसन-लिंबू, मग दही, शेवटी भांड्यांची हिरवी घासणी. ("नवी आहे हो!" ही तिची बाजू.) कातडी लालभडक झाली, पट्टा जागच्या जागी. वर हात लावला तर मखमलीसारखा.

बाकीच्या तक्रारींची मी आधीच नीट सोय लावलेली होती. रात्री तीनदा का उठतो? पाणी फार पितो म्हणून. पाणी फार का पितो? रात्री सगळं निघून जातं म्हणून. पायाच्या अंगठ्याला चपलेचं लागलेलं तीन आठवडे भरेना, तर दोष चपलेचा. वडिलांना शुगर होती. पण वडिलोपार्जित म्हणून आपल्या वाट्याला गावची दीड गुंठा जमीनच आली, असा माझा समज.

गोरं व्हायचं मलम मिळेल म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मान बघितली आणि विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" मानेचा आणि त्याचा काय संबंध? तर इन्सुलिन अंगात असूनही नीट लागू पडेना, की शरीर ते जास्त जास्त तयार करतं आणि मानेवर, काखेत असे पट्टे उमटू शकतात. मग टेप काढला. माझी पँट छत्तीसची, कारण मी ती पोटाखालून नेसतो. डॉक्टरांनी बेंबीवरून मोजलं. 102 सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांनी 90 च्या आत राहावं म्हणे. माझा पाण्याचा हिशेब मात्र त्यांनी निम्मा बरोबर दिला: साखर साधारण 180 च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडतात, ती जाताना पाणी ओढून नेते, आणि मग घसा कोरडा.

तपासणीला आठ दिवस होते. मी बिनसाखरेचा चहा घेतला, पहाटे चाललो, रात्री ज्वारीची भाकरी. दहावीलाही इतकी तयारी केली नव्हती. उपाशीपोटीची साखर आली 124. मधुमेह 126 पासून! दोन मार्कांनी सुटलो म्हणून मी लॅबच्या पायऱ्यांवरूनच बायकोला फोन लावला.

खालची ओळ तिने वाचायला लावली. एचबीएवनसी 7.8. इथे साडेसहाला मधुमेह. ही तपासणी म्हणजे चहाडखोर शेजारीण. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, आणि तेवढ्या दिवसांतली साखर अंगाला चिकटवून ठेवतात. संक्रांतीची गुळपोळी, होळीची पुरणपोळी, मधल्या लग्नातली पाच (बायकोच्या मते नऊ) जिलब्या, सगळं तिथे हजर. माझे आठ दिवस कुठे गेले कोण जाणे.

पुढच्या महिन्यात न्हाव्याला मुद्दाम सांगितलं, "तो मळ नव्हता बरं का. शुगर आहे."

त्याची कात्री थांबली. दुकानात कोणी नाही बघून त्याने शर्टाची कॉलर खाली ओढली आणि माझ्यापुढे मान वाकवली. "काका, माझी बघा ना जरा."

मी अंगठा ओला करून आधी घासून बघितलं.