वाळूवरच्या व्हॉलीबॉलच्या नियमांबद्दल खुलासा

‘वाळूवरही हॉलमधलेच नियम, ब्लॉकचा स्पर्श मोजायचा नाही, बोटांनी टिप चालते, सर्व्हिस नेटला घासली की पॉइंट गेला’ असा मेसेज खेळाडूंच्या ग्रुपवर फिरतोय. यातली एकही गोष्ट बरोबर नाही. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघाचं बीच व्हॉलीबॉलचं नियमपुस्तक वेगळं आहे, त्यांच्या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येतं. मी त्यातूनच सांगतोय.

सगळ्यात जास्त भांडणं ब्लॉकवरून, म्हणजे समोरून आलेला चेंडू नेटजवळ हात उंचावून अडवण्यावरून होतात. हॉलमध्ये ब्लॉकनंतरही चेंडू पलीकडे पाठवायला संघाला तीन स्पर्श मिळतात. वाळूवर ब्लॉक हाच पहिला स्पर्श, म्हणजे उरले दोनच. मात्र ब्लॉक करणाऱ्यालाच लगेच दुसरा स्पर्श करता येतो, तो फाऊल नाही. पुष्कळजण तिथे उगाच हात मागे घेतात.

बोटांच्या टोकांनी चेंडू पलीकडे ढकलणं वाळूवर फाऊलच. बोटं मुडपून पेरांनी किंवा बोटं ताठ जुळवून मारा. सर्व्हिस नेटला लागून पलीकडे गेली तर खेळ चालू ठेवायचा.

गुणांचं म्हणाल तर पहिले दोन सेट २१ चे, तिसरा १५ चा, दोन गुणांची आघाडी हवीच. बाजू दर ७ गुणांनी, तिसऱ्या सेटमध्ये दर ५ गुणांनी बदलायची. वारा आणि ऊन एकाच संघाच्या वाट्याला येऊ नये म्हणून.

चार-चार जण खेळताना आपसात ठरवून ब्लॉक मोजला नाही तरी हरकत नाही, पण ते सामन्याआधी ठरवा. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल, तिथे हा खुलासा टाका.